सुनेच्या अर्जावर साक्षीदार म्हणून सही करताना

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. माझ्या एकुलत्या एक मुलाचे दारूचे व्यसन आणि त्याने घरात चालवलेली मारहाण यांमुळे माझ्या सुनेला न्यायालयात जावे लागले, आणि त्या प्रकरणात तिच्या बाजूने पहिली साक्ष माझी होती. ऑगस्ट २०२४ ते जून २०२५ असे दहा महिने हे चालले. या काळात आमच्या भागातील एका लहानशा स्वयंसेवी संस्थेने सुनेला, नऊ वर्षांच्या नातीला आणि मला अक्षरशः हाताला धरून नेले. कोणत्या कचेरीत कोणत्या वारी जावे, कोणता कागद आधी लागतो, कुठे नुसते थांबावे लागते, एवढे जरी आम्हाला कोणी आधी सांगितले असते तरी निम्मी धास्ती कमी झाली असती. म्हणून तारखांसह लिहीत आहे. सुनेने हे सगळे वाचले आहे आणि तिच्या संमतीनेच लिहिले आहे. गावाचे, संस्थेचे आणि माणसांचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण नातीला याच गावात मोठे व्हायचे आहे.

आधीच्या चुका प्रथम सांगते, कारण त्या माझ्या हातून झाल्या. २०२२ साली वर्तमानपत्रातील ‘न कळत दारू सोडवा’ अशी जाहिरात वाचून मी एक पूड मागवली आणि महिनाभर ती मुलाच्या चहात मिसळली. पुडीत काय आहे हे पाकिटावर लिहिलेले नव्हते, आणि मीही विचारले नाही. दारू सोडवण्यासाठी डॉक्टर डायसल्फिराम नावाचे एक औषध देतात. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब खाली जातो, आणि प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून हे औषध रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, तपासण्या करूनच द्यायचे असते. अशा पुड्यांमध्ये तेच मिसळलेले असू शकते, हे मला दोन वर्षांनी एका मनोविकारतज्ज्ञांनी सांगितले तेव्हा माझे हातपाय गार पडले. दुसरी चूक २०२३ची. ‘तीन दिवस कोंडून ठेवा, आपोआप सुटेल’ या एका नातेवाइकाच्या सल्ल्यावरून आम्ही त्याला खोलीत कोंडले. दुसऱ्या दिवशी दुपारी आतून भांडे पडल्याचा आवाज आला. दार उघडले तेव्हा तो जमिनीवर ताठ झाला होता, दातखीळ बसली होती आणि एक पाय भिंतीवर सारखा आपटत होता. बरीच वर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद झाली तर सहा ते अठ्ठेचाळीस तासांत अशी फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन तो दगावूही शकतो. या माणसांची दारू वैद्यकीय देखरेखीखालीच थांबवावी लागते. आम्हाला यातले काहीच ठाऊक नव्हते.

१४ ऑगस्ट २०२४च्या रात्री त्याने सुनेचे डोके दाराच्या चौकटीवर आपटले. मी मध्ये पडले तेव्हा मलाही ढकलले. शेजारच्या वहिनींनी ११२ क्रमांकावर फोन केला. पोलीस आले, त्याला घेऊन गेले, आणि ठाण्यात अदखलपात्र गुन्ह्याची नोंद झाली, जिला सगळे नुसते ‘एन.सी.’ म्हणतात. तेथून आम्ही ग्रामीण रुग्णालयात गेलो. कपाळाला चार टाके पडले. डॉक्टरांनी कसे लागले असे विचारताच सून सवयीने म्हणाली, “जिन्यावरून पडले.” त्याच वर्षी मार्चमध्ये मनगट मुरगळले तेव्हाही ती हेच म्हणाली होती, आणि त्या वेळी मी गप्प उभी होते. या वेळी मी म्हटले, “डॉक्टर, ती पडलेली नाही. माझ्या मुलाने मारले आहे, असे लिहा.” केसपेपरवर तसे लिहिले गेले आणि पुढे सगळ्यात उपयोगी पडला तो हाच कागद. मार्चच्या केसपेपरवर मात्र ‘जिन्यावरून पडून’ असेच राहिले, आणि तो प्रसंग मांडताना वकिलांना अडचण आली. म्हणून दवाखान्यात खरे कारण सांगावे, ते लिहिले की नाही हे पाहावे आणि कागदाची प्रत लगेच मागून घ्यावी.

दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिनाची सुट्टी होती. सकाळीच मुलगा घरी परत आला आणि दिवसभर झोपून राहिला. आम्ही तिघी माझ्या खोलीत कडी लावून बसलो. सुनेच्या बचत गटाच्या सहयोगिनीने फोनवर या संस्थेचा पत्ता दिला आणि १६ तारखेला, शुक्रवारी, सकाळी दहा वाजता आम्ही तेथे पोहोचलो. दोन खोल्या, एक पंखा, लोखंडी कपाट आणि भिंतीवर महिला मदतवाहिनीचा १८१ व बालमदतवाहिनीचा १०९८ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिलेले. फी नव्हती आणि आधार कार्डही पहिल्या दिवशी मागितले नाही.

समुपदेशक ताईंनी आधी सुनेशी एकटीशी दीड तास बोलणे केले. मला बाहेर बसायला सांगितले, याचा मला थोडा राग आला होता. नंतर कळले की सासू समोर असताना सून मोकळेपणी बोलू शकत नाही, मग सासू कितीही चांगली असो. हा त्यांचा नियमच आहे आणि तो योग्यच आहे. मग मला आत घेतले. मी मुलाच्या दारूबद्दलच बोलत राहिले. दारू सुटली की तो पूर्वीसारखा होईल, तेवढे एक करून द्या, असे माझे मागणे होते. ताईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “बाई, तो पिऊन असताना कारखान्यातल्या साहेबांवर कधी हात उगारतो का?” मी म्हटले, “नाही.” “शेजाऱ्यांवर?” “नाही.” त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “दारू हा त्याचा आजार आहे, त्याला उपचार आहेत, त्यात आम्ही मदत करू. पण घरातल्या बायकांना मारणं हे तो निवडून करतोय. त्यासाठी न्यायालयाचा आदेश लागतो. एकासाठी दुसरं थांबवू नका. दारू सुटेपर्यंत तुमच्या सुनेनं मार खात राहावा, असा त्याचा अर्थ होतो.” त्या दिवशी मला हे पूर्ण पटले नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पण पुढचे दहा महिने आम्ही जे काही केले ते या दोन वेगळ्या वाटांनीच केले.

मग त्यांनी मला आणखी एक प्रश्न विचारला, ज्याची मी अपेक्षाच केली नव्हती. “तुमच्या पेन्शनचं ए.टी.एम. कार्ड कुणाकडे असतं?” ते तीन वर्षे मुलाकडे होते. पेन्शन जमा झाल्याचा संदेश माझ्या फोनवर यायचा आणि पैसे काढल्याचा संदेश त्याच दिवशी संध्याकाळी. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ या कायद्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारच्या छळाला हिंसाचार म्हटले आहे, आणि हा कायदा फक्त पत्नीसाठी नाही. एकाच घरात राहणाऱ्या आईलाही मुलाविरुद्ध दाद मागता येते. मी स्वतंत्र अर्ज करायचा की सुनेची साक्षीदार व्हायचे, हे ताईंनी माझ्यावर सोडले. मी साक्षीदार होण्याचे ठरवले आणि माझ्याबद्दलच्या गोष्टी प्रतिज्ञापत्रात लिहिल्या. पस्तीस वर्षे मुलांना निबंध लिहायला शिकवले, पण ती दोन पाने लिहायला मला चार दिवस लागले. बँकेत जाऊन जुने कार्ड बंद करून नवे घेणे हे काम मात्र वीस मिनिटांत झाले.

त्याच बैठकीत संस्थेने सुरक्षेचा आराखडा करून घेतला. मूळ कागदपत्रे, म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला, तिघींचे आधार कार्ड, नातीचा जन्मदाखला, शिधापत्रिका, बँकेची पासबुके आणि दवाखान्याचे कागद, एका पिशवीत भरून शेजारच्या वहिनींकडे ठेवायचे. घराची एक जादा किल्लीही त्यांच्याकडे. शाळेत वर्गशिक्षिकेला आणि मुख्याध्यापकांना सांगून ठेवायचे. सुनेने फोनवर वहिनींना ‘इस्त्रीचे कपडे आलेत का’ असे विचारले की त्यांनी लगेच ११२ लावायचा. राहण्याची सोय नसलेल्या स्त्रीला सखी वन स्टॉप सेंटर या सरकारी मदत केंद्रात पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा मिळतो, तेही सांगितले. आमचे घर माझ्या नावावर असल्याने तशी वेळ आली नाही. मात्र घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असले तरी सून जेथे सामायिक कुटुंबात राहत होती तेथे राहण्याचा हक्क तिला मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२०च्या निकालात स्पष्ट केले आहे. ‘घर माझे नाही, मग मी कुठे जाऊ’ एवढ्यासाठी कितीतरी मुली गप्प राहतात, म्हणून हे येथे नोंदवते.

यानंतर कचेऱ्यांचा भाग सुरू झाला. २० ऑगस्टला आम्ही संरक्षण अधिकाऱ्यांच्या, म्हणजे याच कायद्याखाली शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या, कार्यालयात गेलो तर दाराला कुलूप होते. अधिकाऱ्यांकडे दुसऱ्या तालुक्याचाही कार्यभार होता आणि ते आपल्याकडे फक्त सोमवारी व गुरुवारी बसतात, हे शेजारच्या खोलीतील शिपायाने सांगितले. तो दिवस फुकट गेला. आधी फोन करून वार विचारून घ्यावा. २२ तारखेला कौटुंबिक घटना अहवाल भरला. हा कायद्याच्या नियमांतील पहिला नमुना आहे आणि त्यात प्रत्येक घटनेची तारीख, वेळ, जागा लिहावी लागते. सुनेला वर्ष आठवेना, महिना आठवेना. शेवटी आम्ही सणावारांवरून आणि नातीच्या परीक्षांवरून तारखा जुळवल्या: ‘सहामाही परीक्षेच्या आदल्या रात्री’, ‘संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी’. असे आधीच घरी बसून एका वहीत लिहून नेले असते तर कार्यालयातील तीन तास एका तासावर आले असते. काही संस्था शासनाकडे ‘सेवा पुरवठादार’ म्हणून नोंदलेल्या असतात आणि त्यांना हा अहवाल स्वतः नोंदवून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवता येतो. आमची संस्था तशी नोंदलेली नव्हती, म्हणून ही फेरी पडली. पहिल्याच भेटीत हे विचारून घ्यावे.

वकील कोठून आणायचा, ही सुनेची मोठी काळजी होती. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७च्या कलम १२ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळू शकतो. २३ ऑगस्टला तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज दिला आणि ३० तारखेला वकील नेमल्याचे पत्र मिळाले. मोफत वकील नीट काम करीत नाहीत असे आम्हाला चार जणांनी ऐकवले होते. आमच्या वाट्याला आलेल्या वकील ताई पहिल्या भेटीत घाईत होत्या, एवढे खरे, पण संस्थेच्या कार्यकर्त्या प्रत्येक वेळी सोबत आल्या आणि काय विचारायचे ते आदल्या दिवशी कागदावर लिहून आणत, त्यामुळे त्यांचा आणि आमचाही वेळ वाचला. ४ सप्टेंबरला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातील कलम १२ खालील अर्ज दाखल झाला. संरक्षण आदेश, घरात राहण्याचा आदेश, पोटगी आणि नातीचा ताबा अशा चार मागण्या त्यात एकत्र होत्या.

पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत मिळावी आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायद्यात आहे. आम्हाला पहिली तारीख मिळाली १० सप्टेंबरची. त्या दिवशी नोटीस बजावणी न होता परत आली होती, कारण नोटीस घेऊन माणूस आला तेव्हा मुलगा कामावर होता आणि सुनेने ती घेणे उपयोगाचे नव्हते. पुढची तारीख २४ सप्टेंबर. मधल्या काळात आम्ही त्याच घरात राहत होतो, आणि ते दोन आठवडे सगळ्यात कठीण गेले. संस्थेतून रोज रात्री साडेनऊला सुनेच्या फोनवर एक शब्दाचा संदेश यायचा, ‘बरं?’ आणि ती उत्तर द्यायची, ‘बरं.’ उत्तर आले नाही तर त्या फोन करणार, फोन उचलला नाही तर पोलिसांना कळवणार, असे ठरले होते.

२४ तारखेला मुलगा न्यायालयात आला. जिना चढताना माझे गुडघे दुखतात. तो मागून आला, नेहमीच्या सवयीने माझ्या हातातील पिशवी घेतली, वर आणून बाकावर ठेवली आणि मग काही न बोलता समोरच्या बाजूला जाऊन उभा राहिला. त्या क्षणी मला माझे प्रतिज्ञापत्र परत घ्यावेसे वाटले. संस्थेच्या कार्यकर्त्या शेजारी होत्या. त्यांनी माझी समजूत काढली नाही, नुसते विचारले, “बाई, पाणी देऊ?” आमचा पुकारा दुपारी सव्वातीनला झाला आणि त्याच्या वकिलांनी मुदत मागितली. सकाळी साडेदहापासून बसलेले असताना काम तीन मिनिटांत संपते, याची मनाची तयारी ठेवावी. घरातील गोष्टी भरल्या न्यायालयात बोलायला संकोच वाटत असेल तर सुनावणी बंद दाराआड घेण्याची विनंती करता येते. सुनेने ती केली आणि पुढे तिचा जबाब तसाच झाला.

८ ऑक्टोबरला अंतरिम, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंतचा, आदेश मिळाला. मुलाने सुनेला, नातीला आणि मला कोणत्याही प्रकारे त्रास देऊ नये, घर सोडून अन्यत्र राहावे आणि दरमहा सहा हजार रुपये द्यावेत, असा तो होता. पोटगीसाठी दोन्ही बाजूंना मालमत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२०च्या निकालाने त्याचा नमुना ठरवून दिला आहे. हा नमुना लांबलचक असतो आणि सुनेसारख्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रीला त्यातील निम्मे रकाने ‘निरंक’ लिहावे लागतात, पण एकही रकाना कोरा सोडू नये. आदेशाची प्रत अर्जदार स्त्रीला मोफत मिळते. आम्ही तिच्या सहा झेरॉक्स काढल्या: एक पोलीस ठाण्यात पोच घेऊन दिली, एक शाळेत, एक वहिनींकडे, एक संस्थेत, एक मुलाच्या कारखान्यात आणि एक प्लास्टिकच्या पाकिटात घालून दारामागच्या खिळ्याला टांगली. १० ऑक्टोबरला मुलाने कपड्यांच्या दोन पिशव्या भरल्या आणि तो मित्राच्या खोलीवर राहायला गेला. मी त्याची चादर घडी करून दिली.

आता दुसरी वाट. घराबाहेर पडल्यावर तीन आठवड्यांनी त्याने संस्थेत फोन करून स्वतःच विचारले की, उपचारांचे काय करता येईल. याआधी एका खासगी केंद्राने मला फोनवर सांगितले होते, “पत्ता द्या, रात्री गाडी पाठवतो, चार माणसं येऊन उचलून नेतील, सहा महिने बघायची गरज नाही.” मला तो मार्ग त्या वेळी सोपा वाटला होता. ताईंनी स्पष्ट नकार दिला. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांशी निगडित विकार मानसिक आजारांत धरलेले आहेत. उपचार देणाऱ्या केंद्राला नोंदणी लागते आणि रुग्णाला हक्क असतात, तेथे डॉक्टर रोज येतात की नाही हे विचारण्याचा अधिकार कुटुंबाला आहे. महाराष्ट्रात तर १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणापासून माणसाला माणसासारखे वागवून व्यसन सोडवण्याची एक चांगली परंपरा आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मदतक्रमांकही आहे. संस्थेने एका सार्वजनिक न्यासाचे केंद्र सुचवले, आणि ११ नोव्हेंबर २०२४ रोजी तो स्वतःच्या सहीने तेथे दाखल झाला. पस्तीस दिवसांचे जेवण, औषधे व राहणे धरून अठरा हजार रुपये झाले. ते त्याने स्वतःच्या भविष्य निर्वाह निधीतून काढले. मी द्यायला निघाले होते, ताईंनी थांबवले.

पहिले आठ दिवस आम्हाला भेटू दिले नाही. हात थरथरणे, घाम, झोप न लागणे हे सगळे औषधांखाली गेले, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली, आणि फिट आली नाही. नंतर दर शनिवारी कुटुंबीयांची सभा असे. सुनेने जायचे की नाही हे तिच्यावर सोडलेले होते, आणि ती गेली नाही. मी गेले. तेथूनच मला अल-अनॉनच्या मराठी सभेचा पत्ता मिळाला. दारुड्यांच्या कुटुंबीयांसाठी १९५१ साली अमेरिकेत सुरू झालेली ही चळवळ आहे. नाव सांगायची सक्ती नाही, फी नाही, शेवटी पिशवी फिरते तिच्यात जमेल ते टाकायचे. पहिल्या सभेत एका बाईंनी सांगितले की त्या नवऱ्याच्या वतीने त्याच्या कचेरीत ‘ताप आहे’ असा फोन करायच्या. मीही तेच करीत होते, दहा वर्षे. त्याची उधारी भागवणे, त्याच्या उलट्या पुसणे, पाहुण्यांना खोटे सांगणे ही आईची माया आहे असे मी समजत होते, आणि त्यामुळे त्याला दारूची किंमत कधी मोजावीच लागली नाही. हे ऐकायला फार जड गेले.

नातीचे वेगळे सांगायला हवे, कारण या सगळ्यात मुलांकडे पाहायचे राहून जाते. ती रात्री चपला उशाशी घेऊन झोपायची. आम्हाला वाटायचे, नवीन आहेत म्हणून जपते. संस्थेतील बालसमुपदेशकांनी विचारल्यावर ती म्हणाली, “रात्री पळायचं झालं तर शोधायला नकोत.” तिच्यासाठी दर बुधवारी चार ते पाच अशी वेळ ठरली. त्या तासात त्या दोघी बहुतेक वेळा चित्रे काढीत किंवा पत्ते खेळत, आणि सुरुवातीला मला हे वेळ घालवणे वाटले. जानेवारीच्या मध्यावर एका सकाळी तिच्या चपला दाराशी इतरांच्या चपलांमध्ये दिसल्या. मी कोणाला काही बोलले नाही.

मुलगा १६ डिसेंबरला केंद्रातून बाहेर पडला आणि दोन महिने व्यवस्थित होता. आदेश असल्यामुळे तो घरी राहायला आला नाही, आणि ‘आता सुधारलाय, घेऊन टाका घरात’ असे सांगणाऱ्या नातेवाइकांना मी पहिल्यांदाच नाही म्हटले. २३ फेब्रुवारीला, रविवारी रात्री नऊ वाजता, तो पिऊन आला आणि फाटक हलवू लागला. सुनेने दारामागचे पाकीट काढले, ११२ लावला आणि आदेशाची तारीख वाचून दाखवली. संरक्षण आदेशाचा भंग हा गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आदेशाची प्रत ठाण्यात आधीच असल्याने या वेळी कोणी ‘घरगुती मामला आहे, समजुतीने घ्या’ असे म्हटले नाही. तक्रारीवर साक्षीदार म्हणून माझी सही लागणार होती. मी ती केली. घरी येऊन रात्रभर झोपले नाही. व्यसनाच्या आजारात घसरण होते, ती उपचारांचा शेवट समजू नये, असे केंद्राच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितले आणि त्याला पाठपुराव्याच्या सभांना पुन्हा बोलावून घेतले. तो जातो. भंगाचे ते प्रकरण अजून चालू आहे.

पैशांचे थोडक्यात सांगते. दहा महिन्यांत आम्ही न्यायालयात अकरा तारखांना गेलो. प्रवास, झेरॉक्स आणि नोटरी मिळून सुमारे साडेतीन हजार रुपये झाले, वकील आणि संस्था यांचे काही नाही. सुनेची शिवणकामाची मजुरी त्या त्या दिवशी बुडाली, तो हिशेब वेगळा. पोटगी दोन महिने थकल्यावर वकील ताईंनी मालकाने पगारातून परस्पर रक्कम द्यावी असा आदेश मागितला. कायद्यात तशी तरतूद आहे आणि तेव्हापासून पैसे वेळेवर येतात. जानेवारीत संस्थेने नातीसाठी राज्य शासनाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून घेतला. तीव्र कौटुंबिक कलहात सापडलेल्या मुलांनाही ही योजना लागू होते आणि महिन्याला २,२५० रुपये मिळतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाइड, शिधापत्रिका, पासबुक आणि अंतरिम आदेशाची प्रत एवढे कागद दिले. मार्चमध्ये गृहभेट झाली, पहिली रक्कम जुलैमध्ये आली. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपते, म्हणून तो सगळ्यात शेवटी काढावा.

१७ जून २०२५ रोजी अंतिम आदेश झाला. साठ दिवसांच्या जागी नऊ महिने लागले, पण अंतरिम आदेश हातात असल्याने त्या विलंबाची धार कमी झाली. संरक्षण आदेश सून स्वतः रद्द करण्याचा अर्ज करेपर्यंत लागू राहील. नातीचा ताबा तिच्याकडे आहे, आणि मुलाला दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी अकरा ते बारा संस्थेच्या कार्यालयात तिला भेटता येते, पिऊन न येण्याच्या अटीवर. पहिली भेट २९ जूनला झाली. मी त्या वेळी बाहेरच्या बाकावर बसते.

१० ऑगस्टची भेट झाली नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी त्याचाच फोन आला होता, आणि ताईंनी भेटींच्या नोंदवहीत लिहिले होते: ‘वडिलांचा फोन. काल प्यायलो, म्हणून उद्या येत नाही, असे सांगितले.’ नातीला ताप, काम, पाहुणे असे काही कारण सांगायचे नाही, हे सुनेने आणि मी त्या रात्री ठरवले. सुनेने तिला जे होते तेच सांगितले. तिने थोडा वेळ विचार केला आणि पुढची तारीख कोणती ते विचारले. २४ ऑगस्टला तो अकराला दहा मिनिटे कमी असताना आला होता.